गुड फ्रायडेची पाहणी

क्लोटील दुप्लेसीच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे उघडायची. त्या खिडकीतून तिनं वर्षानुवर्षं दोन गोष्टी वाटल्या: कागदी पेल्यात गोठवलेलं रंगीत सरबत आणि उपदेश. सरबताचे पैसे पडत, उपदेश फुकट होता. गल्लीतली पोरं म्हणत, उलट केलं असतं तर बरं झालं असतं, उपदेशाला एकही गिऱ्हाईक मिळालं नसतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये कालव्यापलीकडे जो नववा वॉर्ड आहे, त्यातली ही गल्ली. क्लोटीलच्या बापानं गोदीत पोती वाहून इथं जागा घेतली. शहरातल्या उंचवट्यावरची जागा काळ्या माणसाला कुणी विकत नव्हतं आणि ही सखल जागा गोऱ्यांना नको होती, त्यामुळे सौदा पटकन जमला. घर त्यानं रविवारची प्रार्थना झाल्यावर, दुपार-दुपार काम करून उभं केलं. क्लोटील त्याच घरात जन्मली. लग्न ठरलं तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी कुठं जाणार नाही, तुलाच यावं लागेल." तो आला, नांदला आणि वेळ झाली तेव्हा तिथूनच देवाघरी गेला. ती शाळेच्या भटारखान्यात नोकरी करून निवृत्त झाली. एवढं सोडलं तर तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं आणि तिची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती.

मग कत्रिना वादळ आलं, कालव्याची भिंत फुटली आणि गल्लीत छपरापर्यंत पाणी चढलं. क्लोटील आणि शेजारचा अल्से दीड दिवस एकाच छपरावर बसून होते. अल्से त्रेपान्ये हा गिलावा करणारा म्हातारा कारागीर, बोलायला अतिशय कमी. तो पुढं लोकांना सांगायचा, "पुराचं मला काही वाटलं नाही. पण दीड दिवस, आणि पळायला जागा नाही!"

होडीतून बस, बसमधून विमान. कुठं नेताहेत ते कुणी सांगेना. विमान उतरलं तेव्हा एक सैनिक अदबीनं म्हणाला, "मॅडम, हे युटा राज्य."

"राजा," क्लोटील म्हणाली, "मी युटाचं तिकीट मागितलं नव्हतं."

तिथली माणसं भली होती, हे ती प्रत्येक वेळी आवर्जून सांगे. त्यांनी कपडे दिले, अंथरूण दिलं, औषधं दिली. फक्त जेवणात तिखट घालतात हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चार महिने तिनं ते जेवण गिळलं, आणि जानेवारी उजाडताच बसनं परत आली. नदीपलीकडे नणंदेकडे राहायची. रोज सकाळी डबा, झाडू आणि जपमाळ घेऊन गल्लीत यायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची, कारण नियमच तसा होता. आपलं घर दिवसा बघा, रात्री राहू नका.

राहणार तरी कसं? दिवे नाहीत, पाणी नाही. ती नगराच्या कचेरीत फोन लावायची.

"दिवे का नाहीत हो बाई?"

"त्या भागात माणसं परतलेली नाहीत, मॅडम."

"माणसं का परतत नाहीत?"

"त्यांना सरकारी तात्पुरती घरं मिळाली की परततील."

"मग ती द्या की."

"तिथं दिवे नाहीत, मॅडम."

"बाई," क्लोटील म्हणायची, "मी सत्तरीला आलेय. मला इतकं गोल गोल फिरवू नका, घेरी येते."

आणि तिकडं तळ्याकाठच्या गोऱ्यांच्या वस्तीत दिवे आले, नळ आले. ती वस्तीही तितकीच सखल, तिथंही छपरापर्यंत पाणी. नणंदेच्या पाहण्यातली एक बाई तिकडं धुणीभांडी करायची. ती म्हणाली, परवा मालकिणीनं नवीन कपडे धुण्याचं यंत्र आणलं. क्लोटीलनं छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "त्यांना मिळालं, चांगलं झालं. देवाचा पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. पुढचं सगळं नगराकडं असतं."

मार्चमध्ये वर्तमानपत्रात नकाशा आला. नगरानं नेमलेल्या एका समितीनं हॉटेलात बसून ठरवलं होतं की शहराचे काही भाग पुन्हा बांधण्यात अर्थ नाही. तिथं हिरवी वर्तुळं काढली होती. हिरवं म्हणजे बाग, पाणी मुरण्यासाठी मोकळी जागा. क्लोटीलची गल्ली वर्तुळाच्या अगदी पोटात होती.

"बागेला माझी हरकत नाही," ती अल्सेला म्हणाली. "पण माझ्या न्हाणीघरातच का?"

खाली बारीक अक्षरात सूट होती. ज्या गल्लीत निम्म्या घरांचे मालक परतलेत किंवा दुरुस्तीला लागलेत, ती गल्ली राहील. बघायला माणूस येईल. गल्लीत घरं होती पंधरा. कशीही वाटणी केली तरी आठ हवीत.

क्लोटील फोनला बसली. कुणी ह्यूस्टनला, कुणी अटलांटाला, कुणी बॅटन रूजला मुलीच्या बैठकीच्या खोलीत. सगळ्यांना तिनं एकच विचारलं, "ईस्टरला घरी येणार की नाही?" ईस्टरला नाही कोण म्हणणार? सहा घरं पक्की झाली, तिचं धरून सात. मग तिनं कचेरीत फोन लावला. तिथली बाई एव्हाना तिचा आवाज ओळखायला लागली होती. पाहणीसाठी कुठला दिवस सोयीचा, असं त्या बाईनं आपण होऊन विचारलं. सात महिन्यांत कचेरीनं क्लोटीलची सोय पहिल्यांदाच विचारली होती. ती हरखली.

"ईस्टरच्या आधीचा शुक्रवार टाका," ती म्हणाली. "त्या दिवशी आमचं एकूण एक माणूस घरी असतं."

"त्या दिवशी इथं सुट्टी असते, मॅडम. पण पाहणी करणारे बाहेरगावचे ठेकेदार आहेत, त्यांना चालेल. टाकते."

फोन ठेवून क्लोटीलनं देवाचे आभार मानले, दोनदा.

पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी अल्से तिच्या घरात भिंत तपासत होता. शेजारपाजारच्या नव्या घरांतल्या पुठ्ठ्याच्या भिंती पाण्यानं लगदा होऊन गेल्या होत्या. क्लोटीलच्या भिंतीवरचा, अल्सेच्या बापानं केलेला गिलावा मात्र बुरशी खरवडल्यावर पुन्हा पांढरा निघत होता, आणि अल्से त्यावरून असा हात फिरवत होता की जणू घोडाच विकत घेतोय.

"शुक्रवारी माणूस येणार," क्लोटील म्हणाली. "कामं चालू दिसली पाहिजेत. सगळ्यांना हातोडे घेऊन यायला सांगितलंय. नुसता ठोकठोक आवाज झाला पाहिजे."

अल्सेचा हात थांबला. "कुठल्या शुक्रवारी?"

"ह्या."

"गुड फ्रायडेला?"

"हो मग. सगळे घरी..."

"खिळा कोण ठोकणार?"

क्लोटीलचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काहीच आलं नाही. अल्से नंतर म्हणाला, हा चमत्कार बघायला तरी तो छपरावर वाचला असावा.

ज्या दिवशी प्रभूला खिळे ठोकले, त्या दिवशी तिच्या गल्लीत हातोड्याला कुणी हात लावत नाही. फावडं जमिनीत घालत नाही. माती त्या दिवशी दुखते. कपडे धूत नाहीत. म्हणजे डागडुजी नाही, आवार साफ करणं नाही, दोरीवर वाळत घातलेलं एक फडकंही नाही. परतल्याची जी जी खूण बाहेरच्या माणसाला दिसली असती, ती ती नेमकी त्या दिवशी वर्ज्य. आणि हे सगळं गल्लीला खिडकीतून ओरडून ओरडून शिकवलं कुणी? क्लोटीलनंच. शेजारच्या डेल्फीन मूटनच्या आजोबांनी एकदा गुड फ्रायडेला कुंपणाची फळी ठोकली, तेव्हा तिनं त्यांना ईस्टर उलटेपर्यंत धारेवर धरलं होतं.

"मी सगळे घरी असतात एवढंच बघितलं," ती शेवटी म्हणाली. "ते नुसते बसलेले असतात, हे डोक्यातच आलं नाही."

कचेरीत फोन केला. दुसरी तारीख ऑगस्टमध्ये होती. निकाल जूनमध्ये.

सिस्टर वायोला समोरच्या घरात राहायची. ती बाप्टिस्ट; त्यांच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात, आणि असले निर्बंध तिथं नव्हते. ती म्हणाली, "अगं, मग मी ठोकते ना चार खिळे. आमच्यात चालतं."

"तुझ्या भिंतीत ठोक. माझी भिंत कॅथलिक आहे."

"एका भिंतीचा आवाज किती होणार?"

"म्हणूनच म्हणते, गप्प बस आणि मला विचार करू दे."

तिनं विचार केला तो फादर इग्नेशियसच्या समोर बसून. म्हणजे तिनं मोठ्यानं केला आणि त्यांनी ऐकला. गुड फ्रायडेला नऊ चर्चांची पायी वारी करायची इथं जुनी रीत आहे. यंदा नवव्या वॉर्डातली चर्चं पुरानं बंद, दारांना फळ्या. तिनं विचारलं, "फादर, चर्चच बंद असलं तर?"

"दाराशी उभं राहून प्रार्थना करायची, क्लोटील. ती पोचते."

"कुठल्याही दाराशी?"

फादरनी चष्मा काढला. तिच्याशी त्यांचा परिचय जुना होता. "तुझ्या मनात काय आहे ते मला सांगू नकोस," ते म्हणाले. "फक्त खोटं बोलू नकोस, आणि कुणाला बोलायलाही लावू नकोस. त्या दिवशी तर नाहीच."

"तेवढं मला कळतं, फादर."

"कळतं हे माहीत आहे," फादर म्हणाले. "म्हणूनच सांगतोय."

गुरुवारी नणंदेकडं हिरवा गंबो, म्हणजे पालेभाज्यांचं दाट कालवण, शिजला. त्या दिवशी नऊ प्रकारचे पाले घालून तो करायचाच असतो, मोहरी, गाजराची पानं, बीटाची पानं, कोबी, मिळेल ते. गल्लीतली सात घरं त्या दोन खोल्यांत कोंबली होती. कुणी ओट्यावर, कुणी पलंगावर, कुणी टबाच्या काठावर बसून जेवत होतं. क्लोटीलनं बेत सांगितला: उद्या आपली नऊ ठाणी आपल्याच गल्लीत. कोपऱ्यावरचं बंद प्रार्थनाघर पहिलं, मग एकेक घर. प्रत्येक घराच्या पायरीशी प्रार्थना.

"एक प्रार्थनाघर आणि सात घरं, आठ झाली," अल्से म्हणाला. "नववं?"

सगळ्यांनी डेल्फीनकडं पाहिलं. ती ह्यूस्टनहून दुपारीच आली होती आणि दाराशी उभी राहून वाडगा पुसून खात होती.

डेल्फीन क्लोटीलच्या शेजारची. आजोबांचं घर तिच्याकडं आलं होतं; आता घर नव्हतंच, पुरानं ते उचलून दोन गल्ल्या पलीकडं नेऊन फोडलं होतं. जागेवर राहिल्या होत्या विटांच्या पाच पायऱ्या, वर काहीच नसलेल्या.

"माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "मी ईस्टरला आलेय. माझी मुलं तिथल्या शाळेत रमलीत. मला दवाखान्यात कायमची नोकरी लागलीय. नळ सोडला की पाणी येतं तिथं, मिस क्लोटील. तुम्हाला आठवतं का, कसं असतं ते?"

"मी तुला काही म्हटलं का?"

"तुम्ही म्हणायच्या आधीच ऐकू येतं."

"मग हेही ऐक. उद्या तो माणूस विचारेल, परत येणार का. तुला यायचं नसेल तर 'हो' म्हणू नकोस. मी गुड फ्रायडेला तुला खोटं बोलू देणार नाही."

"आणि मी 'नाही' म्हटलं तर गल्लीची बाग होणार, आणि आयुष्यभर तुम्ही मला..."

"मी काही म्हणणार नाही."

सगळी खोली हसली. टबाच्या काठावरचा एक जण तर टबातच पडला. डेल्फीन मात्र हसली नाही. वाडगा ठेवून ती बाहेर जिन्यात जाऊन बसली. क्लोटीलही हसली नव्हती. तिनं जागा मोजून पाहिल्या होत्या; सातव्यापुढं आकडा सरकत नव्हता, आणि ह्या एका पोरीवर आपल्या बापानं बांधलेलं घर टांगलं गेलं होतं. आणि पोरगी म्हणत होती ते तर खरंच होतं.

शुक्रवारी उपाशीपोटी सगळे गल्लीत जमले. ऊन होतं, वारा नव्हता आणि सगळीकडं शांतता. हातोडे गाड्यांच्या डिकीत. अकरा वाजता पांढरी गाडी आली. तिच्यातून एक उंच, लाल कानांचा गोरा माणूस उतरला. नाव लिंडक्विस्ट, गाव मिनेसोटातलं. गल्लीनं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि मग सोयीसाठी त्याचं मिस्टर लिंडी करून टाकलं.

त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "इथं काम कुठं चालू आहे?"

"आज नाही," क्लोटील म्हणाली.

"मला आजच बघायचंय, मॅडम."

"बघा की. आम्ही आहोत ना. या, चालता चालता बोलू, आमची वारी आहे."

तो गाडीत बसून हळूहळू पुढं सरकला. जमाव प्रार्थना म्हणत गाडीबरोबर सरकला. पहिल्या घराच्या पायरीशी पंचवीस माणसं गुडघे टेकून. त्यानं लिहून घेतलं. दुसऱ्या घरापाशी पंचवीस माणसं गुडघे टेकून. त्यानं लिहिलं. तिसऱ्या घरापाशी त्याचं पेन थांबलं. तो गाडीतून उतरला.

"मॅडम, ही तीच माणसं आहेत."

"हो."

"मघाच्याही घरात हीच होती."

"राजा," क्लोटील म्हणाली, "ह्या गल्लीत प्रत्येक घरात नेहमी हीच माणसं असायची. माझ्या घरात मी क्वचितच सापडायचे. ह्या अल्सेनं चाळीस वर्षं सकाळची कॉफी माझ्याकडं घेतली आणि शिव्या वायोलाकडं खाल्ल्या."

"शिव्या नव्हे, सल्ला," वायोला म्हणाली.

मिस्टर लिंडीचे कान आणखी लाल झाले. पण माणूस सरळ होता. तो म्हणाला, असं चालणार नाही, प्रत्येक घरामागं मालकानं एकट्यानं पुढं येऊन सांगायचं. बाकीच्यांनी मागं राहायचं.

"हेच तर मी सकाळपासून म्हणतेय," क्लोटील म्हणाली, जे तिनं अजिबात म्हटलं नव्हतं, मग चटकन छातीवर क्रूस काढून दुरुस्ती केली, "म्हणणार होते."

तसं सुरू झालं. प्रत्येक पायरीवर मालक उभा राहिला. नाव, कुठून आलात, परत येणार का? येणार. आतल्या काढलेल्या भिंती, आणून ठेवलेल्या फळ्या, छपरावरची निळी ताडपत्री, त्यानं सगळं आत जाऊन पाहिलं. वायोलानं तर त्याला कपाट उघडून दाखवलं. अल्सेनं गिलाव्यावर हात ठेवायला लावला. "दाबा," तो म्हणाला. "जोरात. घाबरू नका. तुमच्या मिनेसोटात आहे असा?"

सातवं घर क्लोटीलचं. तिथं लिंडीनं घाम पुसला, पाणी मागितलं. तिनं बाटली दिली.

"इथलं झाल्यावर तळ्याकडच्या वस्तीत जाणार असाल," ती म्हणाली. "तिकडं ऊन जरा कमी असतं, झाडं आहेत."

"तिकडं नाही, मॅडम. तिकडं पाहणी नाही."

"आधीच झाली?"

"नाही. ठेवलीच नाही. तिथले लोक परत येतील असं धरून चाललेत."

क्लोटीलनं बाटलीचं झाकण लावलं. "कुणी विचारलं त्यांना?"

"विचारलं नाही बहुतेक. धरून चाललेत."

तो हे लाजून म्हणाला, आणि तिला त्याची दया आली. वर्तुळं काही त्यानं काढली नव्हती. पलीकडं, हाताच्या अंतरावर, पाच पायऱ्यांपैकी तिसरीवर डेल्फीन बसली होती. सकाळपासून ती जमावात आली नव्हती. तिच्या कानावर हे पडलं की नाही ते क्लोटीलला कळलं नाही.

तेवढ्यात अल्सेनं घड्याळ पुढं केलं. बारा.

गुड फ्रायडेला बारा ते तीन क्लोटील मौन पाळायची. आईनं लावलेली सवय, साठ वर्षांत एकदाही मोडली नव्हती, ताप असताना नाही, छपरावर तर तो दिवसच नव्हता. आणि नेमकं आता, शेवटच्या जागेशी, पोरीशी चार शब्द बोलायची गरज असताना, तिनं ओठ मिटले. जपमाळ मुठीत धरली. मणी एकही पुढं सरकला नाही.

लिंडी पायऱ्यांशी गेला. वर पाहिलं, घर असायला हवं होतं तिथं. "हे... घर?"

"होतं," डेल्फीन म्हणाली.

"तुम्ही मालक?"

"आजोबांचं. आता माझं."

"परत येणार आहात का?"

क्लोटील जमिनीकडं बघत होती. पोरीकडं बघणं हेसुद्धा बोलण्यासारखंच होईल, असं तिला वाटलं.

"माहीत नाही," डेल्फीन म्हणाली.

लिंडी अवघडला. "इथं 'हो' किंवा 'नाही' आहे फक्त."

"मग 'माहीत नाही' असं लिहा. मला मुलं आहेत, नोकरी आहे. मला खरंच माहीत नाही."

"तसं लिहायला जागा नाही, मॅडम. 'हो' नसेल तर मला ते 'नाही'मध्येच..."

"थांबा." डेल्फीन उठून उभी राहिली. "मघाशी तुम्ही काय सांगितलंत मिस क्लोटीलना? तळ्याकडं कुणाला विचारत नाहीत?"

"नाही."

"तिथं ज्याला माहीत नाही, त्याच्याही घरापाशी दिवा लागलाय?"

"...बहुतेक."

"तिथं एखादी बाई माझ्यासारखीच दुसऱ्या गावी मुलांना शाळेत घालून बसली असेल, परत यायचं की नाही ह्याचा विचार करत, सावकाश, कॉफी पीत. आणि तिच्या घराचा नळ चालू आहे. ती येईल असं तुम्ही धरून चाललात. आणि मला उन्हात, उपाशी, गुड फ्रायडेच्या दिवशी, आजोबांच्या पायऱ्यांवर उभं करून शपथ घालताय?"

"मी नाही, मॅडम, मला फक्त..."

"तुमच्यावर नाही ओरडत मी. लिहा. 'हो'. परत येणार. नाव नीट लिहा, मूटन, शेवटी न."

त्यानं लिहिलं. मागून वायोला "आमेन" म्हणाली, इतक्या मोठ्यानं की तारेवरचा पक्षी उडाला. क्लोटीलच्या तोंडात शंभर वाक्यं आली आणि दातांवर आपटून परत गेली. तीन तास ती तशी बसली. अल्से तिच्याशेजारी बसून होता. तो म्हणतो, इतक्या जवळून इतकी शांतता त्यानं आयुष्यात ऐकली नाही.

तीनच्या ठोक्याला तिचं पहिलं वाक्य निघालं ते असं: "रागानं म्हटलेलं 'हो' खरं धरायचं का?"

तेच तिनं शनिवारी फादर इग्नेशियसना विचारलं. फादर म्हणाले, "मला का विचारतेस? तिला विचार."

ईस्टरच्या सकाळी प्रार्थना आटोपून ती गल्लीत आली. शेजारून आवाज येत होता. अल्से पायऱ्यांमागच्या मोकळ्या जागेत नव्या घराच्या आखणीची दोरी लावत होता आणि डेल्फीन दुसरं टोक धरून उभी होती, चर्चचे चांगले बूट चिखलात.

"पोरी," क्लोटील म्हणाली, "परवा जे बोललीस ते रागात बोललीस. मी ते धरणार नाही. अजून वेळ आहे, त्या माणसाचा फोन नंबर आहे माझ्याकडं. तुझी मुलं, नोकरी..."

"मिस क्लोटील, तुम्ही मला परत पाठवताय?"

"मी तुला मोकळी करतेय."

"राग अजून आहे," डेल्फीन म्हणाली.

"उद्या निवळला तर?"

"कसा निवळेल? ह्यूस्टनला रोज नळ सोडला की आठवणार." तिनं दोरी ताणली. "लगेच नाही येणार. शाळेचं वर्ष, पैसे, सगळं बघावं लागेल. पण मला नको असेल तर ते मी ठरवेन. एका वर्तुळानं नाही. आणि अल्सेकाका, स्वयंपाकघराची खिडकी ह्यांच्या बाजूला नको हं. दिवसभर ऐकावं लागेल."

"उजेड तिकडूनच येतो," अल्से म्हणाला.

"अंधारात स्वयंपाक करीन."

"खिडकी माझ्याच बाजूला होणार," क्लोटील म्हणाली. "तुझ्या आजीची तिथंच होती."

जूनमध्ये निकाल लागला. गल्ली राहिली, नकाशावर वर्तुळाला त्या जागी एक खाच पडली. नळाला प्यायचं पाणी यायला त्यानंतरही बरेच महिने गेले. तळ्याकाठी तोवर लोक गवताला फवारे मारत होते. आठाच्या आठ घरं काही लगेच उभी राहिली नाहीत. एकाचा जीव अटलांटात रमला, एक म्हातारा वाट बघता बघता गेला. त्याच्या पायरीशी आता दर गुड फ्रायडेला वारी जास्त वेळ थांबते. पण बाकीचे आले.

डेल्फीन आली ती पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, भाड्याच्या ट्रकमधून, तोंड फुगवलेल्या दोन मुलांना घेऊन. क्लोटील फाटकाशी उभीच होती. सव्वा वर्ष हा प्रश्न तिनं फोनवर एकदाही विचारला नव्हता. तिच्या हिशेबानं हे मौन बारा ते तीनपेक्षा कितीतरी कठीण होतं.

"राग गेला का गं?"

डेल्फीननं ट्रकचं दार उघडलं. "नाही."

"देवाची कृपा," क्लोटील म्हणाली, आणि जवळची पहिली पेटी उचलायला वाकली.